छापताना आम्हालाही विचारा: ब्राउझर बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज आणि त्यांच्याच इंजिनांवर चालणाऱ्या बाकीच्या ब्राउझरांची निर्माती मंडळी,
तसेच सीएसएसचे (वेबपान कसं दिसावं हे सांगायच्या भाषेचे) नियम ठरवणारा डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचा कार्यगट

विषय: वेबपान छापताना कोणती स्टाईलशीट (म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांची यादी) लागू व्हावी, याबाबत

स.न.वि.वि.

काही दिवसांपूर्वी घरातल्या वॉशिंग मशीनचा पंप तुंबला. दुरुस्ती कशी करायची हे सांगणारं एक पान सापडलं. चित्रं नीट होती, पायऱ्या क्रमाने दिलेल्या होत्या, भाषा सोपी होती. मशीनपाशी ओल्या हाताने फोन धरायचा नव्हता, म्हणून म्हटलं छापून घेऊ. स्क्रीनवर चार वेळा सरकवलं की संपणारं ते पान. प्रिंटरमधून चौदा कागद बाहेर आले.

पहिल्या कागदावर साइटचं बोधचिन्ह आणि शेजारी तीन आडव्या रेघांचं मेनूचं बटण. कागदावर बटण! दुसरा कागद कोरा. तिसऱ्यापासून मजकूर सुरू झाला, पण प्रत्येक कागदाच्या तळाशी एक करडी पट्टी: आम्ही कुकीज वापरतो, मान्य आहे का, आणि खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'पर्याय पाहा'. ही पट्टी मजकुराच्या खाली नव्हती, मजकुरावर बसली होती. दर कागदामागे दोन-तीन ओळी तिच्याखाली गडप. शेवटचे चार कागद 'हेही वाचा'चे. पाचव्या कागदावर पट्टीखाली जी ओळ गेली, ती होती झाकण उघडण्याआधी पाणी कुठून काढून टाकायचं याची. ती मला नंतर कळली, लादी पुसताना.

यात चूक त्या साइटची आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेच. आणि ती चूक मी स्वतः कितीदा केली आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण वेबपानांची मांडणी करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. छपाईची शैली आमच्या धंद्यात सगळ्यात शेवटी येते, आणि शेवटी वेळ उरत नाही. फार तर 'नो-प्रिंट' नावाचा एक क्लास, म्हणजे 'हे छापू नका' अशी चिठ्ठी, करायचा, मेनूला आणि जाहिरातीला तो चिकटवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. कुकीची पट्टी तर बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणाच्या स्क्रिप्टमधून येते; तिला तो क्लास लावायचं कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. आमच्यापैकी अनेकांच्या पानांत 'मीडिया प्रिंट' हे शब्द (अर्थ: ही शैली फक्त छपाईसाठी) आढळतात ते भलत्याच कामासाठी. स्टाईलशीटला आधी प्रिंटची म्हणून घोषित करायचं, म्हणजे ब्राउझर तिच्यासाठी पान अडवून ठेवत नाही, आणि ती उतरली की हळूच 'ऑल', म्हणजे सगळ्या माध्यमांची, करून टाकायचं. पान लवकर दिसावं म्हणून केलेली ही युक्ती आहे. छपाईशी तिचा काडीचा संबंध नाही.

तेव्हा आमचा दोष पदरात घेतो. पण आम्ही सुधारू या भरवशावर तुम्ही बसला असाल तर पंचवीसहून अधिक वर्षं गेली आहेत, हेही सांगतो.

सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ची. मे १९९८मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिने माध्यमांची कल्पना आणली: स्क्रीनसाठी एक शैली, कागदासाठी दुसरी. त्या यादीत आणखीही बरीच मंडळी होती, हॅण्डहेल्ड, टीव्ही, प्रोजेक्शन, ब्रेल, टीटीवाय. आज ती सगळी मोडीत निघाली आहेत. 'ऑल' सोडला तर स्क्रीन आणि प्रिंट एवढीच नावं उरली. म्हणजे कागद टिकला. त्याच आवृत्तीने पानाचे समास ठरवणारा '@पेज' नियम दिला, पान कुठे तुटावं आणि कुठे तुटू नये हे सांगायची सोय दिली, परिच्छेदाच्या किमान किती ओळी पानाच्या तळाशी आणि माथ्याशी एकत्र राहाव्यात याचे आकडेही दिले (दोन्हीकडे दोन, हे मूळ मूल्य). ही शिस्त छापखान्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळली जायची आणि ती वेबवर आणायचा विचार करणाऱ्यांना मी मनापासून मानतो.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यापासून सगळा घोळ सुरू होतो असं मला वाटतं. स्टाईलशीट जोडताना ती कोणत्या माध्यमासाठी आहे हे लिहिलंच नाही तर काय धरायचं? एचटीएमएल ही वेबपान लिहायची भाषा; डिसेंबर १९९७च्या तिच्या चौथ्या आवृत्तीत उत्तर होतं: स्क्रीन. आजच्या एचटीएमएलमध्ये उत्तर आहे: ऑल, म्हणजे सगळी माध्यमं. आजचा नियम व्यवहाराला धरून आहे. नाहीतर लाखो पानं कागदावर उघडीवाघडी आली असती. तो बदला असं मी म्हणत नाही. पण त्याचा परिणाम असा की ज्याने कागदाचा क्षणभरही विचार केलेला नाही, त्याचे स्क्रीनसाठीचे सगळे निर्णय कागदावर जसेच्या तसे लादले जातात, आणि ब्राउझरला हे दोन लेखक वेगळे करता येत नाहीत. एकाने विचार करून 'सगळीकडे हेच' म्हटलं, दुसऱ्याने काहीच म्हटलं नाही. दोघांना वागणूक एकच.

हे निर्णय कागदावर कसे उलटतात याचा एक नमुना बघा. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद. सीएसएसच्या हिशेबात इंचाला ९६ पिक्सेल, म्हणजे अख्खा कागद भरतो साधारण ७९४ पिक्सेल, आणि समास वजा केले तर त्याहून कमी. आता आमच्या धंद्यात ९९२ पिक्सेल ही मोठ्या स्क्रीनची एक नेहमीची सीमा. बूटस्ट्रॅपसारख्या लोकप्रिय चौकटीत ती तयारच येते. त्याहून रुंद असेल तर पूर्ण मेनू आणि शेजारी-शेजारी रकाने, अरुंद असेल तर सगळं एकाखाली एक आणि मेनू तीन रेघांच्या बटणात. सीमा लिहिताना 'फक्त स्क्रीनसाठी' असं क्वचितच कोणी लिहितं. मग कागद आला की ब्राउझर रुंदी मोजतो, ती ९९२हून कमी भरते, आणि कागदाला मिळते टॅबलेटची मांडणी. तुलनेचा तक्ता तीन रकान्यांत शेजारी-शेजारी बघत माणूस छापायचा आदेश देतो आणि हातात येते तीन कागदांवर पसरलेली रांग, ज्यात तुलना करायची तर कागद मागे-पुढे करत बसा. ब्राउझरने नियम तंतोतंत पाळलेला असतो. छापणाऱ्याने मात्र जे पाहून 'प्रिंट' म्हटलं ते त्याला मिळालेलं नसतं. माझ्या चौदा कागदांतल्या पहिल्यावरचं ते बटण इथूनच आलं.

पट्टीची गोष्ट याहून जुनी आहे. 'पोझिशन फिक्स्ड' म्हणजे सरकवलं तरी जागच्या जागी राहणारा घटक. पानापानांच्या माध्यमात असा घटक दर पानावर पुन्हा छापावा, हे १९९८पासून नियमात आहे. त्या काळी त्यामागचा हेतू छान होता: प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव, तळाशी संस्थेचं नाव. पण आज फिक्स्ड काय असतं? कुकीची पट्टी, 'ॲप उतरवून घ्या'ची पट्टी, कोपऱ्यातला गप्पांचा फुगा, वर चिकटलेला मेनू. यातलं काहीही कागदावर एकदासुद्धा नको असतं आणि नियम ते दर पानावर छापायला सांगतो. शिवाय त्याच्यासाठी जागा राखली जात नाही, ते मजकुरावरच बसतं.

माझी विनंती अशी की फिक्स्ड हे मूल्य छपाईच्या नियमातून आलं असेल, म्हणजे लेखकाने '@मीडिया प्रिंट'मध्ये जाणूनबुजून लिहिलं असेल, तर आजच्यासारखं दर पानावर छापा. ते सर्वसाधारण नियमातून वाहत आलं असेल तर ते फार तर एकदा, मजकुराच्या प्रवाहात, कोणाच्या डोक्यावर न बसता छापा. दोन्हींतला फरक तुमच्या इंजिनाला समजतो. नियम कुठून आला हे तुमची विकसकांसाठीची अवजारं ओळीच्या क्रमांकासकट दाखवतातच. यासाठी प्रमाणात, म्हणजे सीएसएसच्या अधिकृत नियमावलीत, दुरुस्ती लागेल, याची मला कल्पना आहे. कार्यगटाला पत्राच्या मायन्यात घेतलं आहे ते याचसाठी.

आता जे छापलंच जात नाही त्याबद्दल. शंकासमाधानाची पानं आठवा: प्रश्नावर टिचकी मारली की उत्तर उलगडतं. यासाठी एचटीएमएलमध्ये 'डिटेल्स' हा घटकच आहे. छापताना जे बंद असेल ते बंदच राहतं, त्यामुळे कागदावर येतात एकोणीस प्रश्न आणि शून्य उत्तरं. परीक्षेची प्रश्नपत्रिकाच म्हणा ना. लेखकाला ते छापण्याआधी उघडायचं तर बरीच वर्षं त्यासाठी स्क्रिप्ट लिहावी लागायची. तीच गत आतल्या आत सरकणाऱ्या चौकटींची: आडवा लांब तक्ता किंवा कोडची ओळ स्क्रीनवर सरकवून वाचता येते, कागदावर उजवीकडून कात्री लावल्यासारखी तुटते. आणि ज्या पानांनी स्वतःची उंची स्क्रीनएवढी बांधून आत मजकूर सरकता ठेवलाय, त्यांचं पहिलंच पान छापलं जातं आणि बाकीच्या मजकुराचा पत्ता नसतो. सूचनाही नाही. तो मजकूर होता हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो गेल्याचं कळतं. उरलेल्यांना कागद पूर्ण वाटतो, आणि मला तरी हीच गोष्ट चौदा कागदांपेक्षा गंभीर वाटते.

तुमच्या कामाची कदरच नाही असं समजू नका. २०२२मध्ये क्रोमच्या १०८व्या आवृत्तीने 'इथे पान तोडणं टाळा' हा आदेश छपाईत नीट पाळायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या तक्त्यांच्या ओळी मधोमध चिरणं थांबलं. २०२४मध्ये १३१व्या आवृत्तीत समासातल्या चौकटी आल्या, म्हणजे पृष्ठक्रमांक आणि प्रकरणाचं नाव लेखकाला स्वतःच्या पद्धतीने मांडता येऊ लागलं. त्याआधी ब्राउझरचा तारीख-पत्ता नको असेल तर आम्ही समास शून्य करून टाकायचो आणि ब्राउझरला लिहायला जागाच ठेवायचो नाही. लबाडी होती, पण चालायची. हे सगळं चांगलंच झालं. फक्त यातली प्रत्येक सुधारणा लेखकाच्या हातात नवं अवजार देते. छापणाऱ्याच्या हातात काय आलं?

इथे थोडं मागे जातो. सीएसएसच्या मुळाशीच तीन बाजूंची तडजोड आहे: लेखकाची शैली, वाचकाची शैली आणि ब्राउझरची स्वतःची शैली. कोणाचं म्हणणं कोणावर मात करेल, याचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या आवृत्तीत लेखकाने 'इम्पॉर्टंट' (हा नियम बाकीच्यांवर चढ धरा, अशी खूण) लिहिलं की ते वाचकाच्या 'इम्पॉर्टंट'वर भारी पडायचं. दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम मुद्दाम उलटा केला गेला, कारण कमी दिसणाऱ्या वाचकाला मोठी अक्षरं हवी असतील तर लेखकाने ती अडवू नयेत. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रमाणातला सर्वांत माणुसकीचा निर्णय तो. पुढे काय झालं? क्रोमने २०१४च्या सुमारास वाचकाची स्टाईलशीट वाचणंच बंद केलं. फायरफॉक्सने २०१९मध्ये, ६९व्या आवृत्तीपासून, ती सोय मुळातून बंद ठेवली आणि कोणाला हवीच असेल तर एका आडवळणाच्या सेटिंगमागे नेऊन ठेवली. सफारीच्या सेटिंगमध्ये ती अजून आहे, तेवढं बरं. एकूण तीन बाजूंच्या बैठकीत एकाची खुर्ची हळूहळू दाराबाहेर गेली. प्रमाणाच्या भाषेत ब्राउझरला 'यूजर एजंट' म्हणतात, वापरणाऱ्याचा मुखत्यार. मुखत्याराने निदान कागद आणि शाई अशिलाच्या खिशातून जाते तेव्हा तरी त्याला विचारावं की नाही?

तुमची छपाईची खिडकी उघडून बघा. कागदाचा आकार विचारता, आडवा की उभा विचारता, समास, किती टक्के लहान-मोठं करायचं, पानांची संख्या, दोन्ही बाजूंना छापायचं का, सगळं विचारता. पान कसं दिसावं, एवढंच विचारत नाही.

मला तिथे एक पर्याय हवा आहे. त्याला 'शैली' म्हणा आणि आत तीन निवडी द्या. लेखकाने छपाईसाठी खास शैली दिली असेल तर ती, आणि तीच आधी निवडलेली असावी. ज्याने कष्ट घेतलेत त्याचा मान राखायलाच हवा. दुसरी, 'स्क्रीनवर दिसतं तसं': माझ्या खिडकीची जी रुंदी आहे त्याच रुंदीवर पान मांडा, स्क्रीनचेच नियम लावा आणि मग आक्रसून कागदावर बसवा. अक्षरं बारीक होतील, होऊ देत, तुलनेचा तक्ता तरी शेजारी-शेजारी राहील. आज यासाठी लोक स्क्रीनशॉट काढून ती चित्रं छापतात. तिसरी निवड, साधी: लेखकाची शैली बाजूला, फक्त मजकूर, चित्रं आणि तक्ते.

तिसऱ्यावर जरा रेंगाळतो, कारण 'ते तर आमच्याकडे आहेच' असं फायरफॉक्सची मंडळी म्हणतील. हो, त्यांच्या छपाईच्या खिडकीत मूळ आणि सुटसुटीत असे दोन पर्याय आहेत, आणि मी ते आनंदाने वापरतो. पण सुटसुटीत पर्याय मिळतो तो ब्राउझरला पान लेखासारखं वाटलं तर. पावती, वेळापत्रक, भरलेला अर्ज, निकालाचा तक्ता, यांतलं काहीच लेखासारखं नसतं, आणि छापायची गरज नेमकी याच पानांना जास्त असते. मला हवी ती साधी शैली 'यात लेख कुठे आहे' असा अंदाज बांधणारी नाही. ती काहीही न वगळता सगळं साधेपणाने मांडणारी हवी. फायरफॉक्सच्या मेनूत पानाची शैली पूर्ण काढून टाकायची सोय आहे. ती लावून बघा, म्हणजे अडचण कुठे येते ते दिसेल. एरवी बोटाच्या पेराएवढं असलेलं शोधाचं भिंग, त्याला आवर घालणारी शैली गेली की पानभर फुगतं. तेव्हा तुमच्या साध्या शैलीत थोडी अक्कल घाला: चित्राला कागदाच्या रुंदीची मर्यादा, मजकूर नसलेल्या चिन्हांना अक्षराची उंची, तक्त्यांना बारीक रेघा, मथळा पानाच्या तळाशी एकटा पडणार नाही याची काळजी, बंद 'डिटेल्स' उघडे. पन्नास-साठ ओळींचं काम आहे. ती स्टाईलशीट मी लिहून देईन, हवी असेल तर.

रंगांचं प्रकरण वेगळं आहे, तिथे तुमचा मूळ निर्णय मला पटतो. पार्श्वभूमीचे रंग छापायचे नाहीत, शाई वाचवायची, हे योग्यच. लेखकाला एखादा रंग अर्थासाठी लागत असेल, आलेखातल्या पट्ट्यांसारखा, तर 'प्रिंट-कलर-ॲडजस्ट'ला 'एक्झॅक्ट' म्हणायची सोय आहे. पण क्रोममध्ये लेखकाने एक्झॅक्ट लिहिलं की मी पार्श्वभूमीची खूण काढून ठेवली तरी रंग छापला जातो. मग ती खूण कशासाठी? प्रमाण तर स्पष्ट सांगतं की वापरणाऱ्याला या बाबतीत निवड दिली असेल तर तिला लेखकाच्या सूचनेहून अधिक वजन द्यायला हवं. दोन अवस्थांच्या जागी तीन करा: लेखक म्हणेल तसं, सगळं, काहीच नाही. संपला प्रश्न.

दुव्यांचं थोडक्यात. छापलेल्या पानावर 'अधिक माहिती इथे' या निळ्या शब्दांचा उपयोग शून्य. आम्ही लेखक मंडळी दुव्यापुढे कंसात पत्ता छापायचा नियम लिहितो, आणि मग दीडशे अक्षरांचा पत्ता परिच्छेदाच्या मधोमध येऊन वाक्याची वाट लावतो. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या छपाईच्या खिडकीत दुव्यांचा तक्ता छापायची एक खूण होती: सगळे पत्ते शेवटी, एका तक्त्यात. त्या ब्राउझरबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं चांगलं फारसं नाही, पण ही गोष्ट त्याने छापणाऱ्याच्या बाजूने केली होती. ती परत आणा, जमलं तर मजकुरात क्रमांक घालून.

'आता छापतं कोण' हे मी बैठकांत इतक्यांदा ऐकलं आहे की उत्तर पाठ झालंय. पीडीएफ जपून ठेवणारा प्रत्येक माणूस छापतो. 'सेव्ह ॲज पीडीएफ' हा तुमच्या छपाईच्या खिडकीतलाच एक प्रिंटर आहे. त्याला तीच शैली लागते, तीच पट्टी बसते, तीच उत्तरं गायब होतात. पैसे भरल्याची पावती, अर्ज केल्याचा पुरावा, उद्या काढून टाकलं जाईल असं वाटणारं पान, हे लोक असंच साठवतात. कागद वाया गेला तर डोळ्यांना दिसतो आणि पुन्हा छापता येतो. पीडीएफ दोन वर्षांनी उघडली जाते, आणि तोवर मूळ पान राहिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप लेखकांच्या बाजूने येईल, कदाचित माझ्याच सहकाऱ्यांकडून: आमची रचना वाचकाने का मोडावी? स्क्रीनवर हे म्हणणं मी समजू शकतो. पण छपाईत रचना मोडून कोणी साइट बिघडवत नाही, तो आपल्याजवळच्या प्रतीत फेरफार करतो. वहीत चिकटवायला वर्तमानपत्राचं कात्रण कापताना आपण संपादकाची परवानगी घेत नाही. जाहिराती छापल्या जाणार नाहीत, हा यामागचा खरा मुद्दा असेल तर तो तसा मांडावा, मग त्यावर बोलता येईल.

तिसरा आक्षेप तुमच्याकडून येईल आणि तोच मला वजनदार वाटतो: खिडकीत आणखी एक पर्याय म्हणजे आणखी गोंधळ, आणि बहुतेक लोक त्याला हातही लावणार नाहीत. मान्य. म्हणून म्हणतो, आपोआप निवडलेली गोष्ट आजची आहे तीच ठेवा, पण प्रिव्ह्यूला बोलायला शिकवा. छपाईसाठी कोणतीही वेगळी शैली सापडली नाही, एखादा फिक्स्ड घटक मजकुरावर येतोय, एखाद्या चौकटीतला मजकूर कापला जातोय, हे मांडणी करताना तुमच्या इंजिनाला कळतं. मग प्रिव्ह्यूच्या वर एक ओळ येऊ द्या: 'या पानातला काही मजकूर छापला जाणार नाही. साध्या शैलीत पाहायचं का?' बस. ज्याला नको तो दुर्लक्ष करेल. मी त्या दिवशी ती ओळ वाचली असती तर लादी कोरडी राहिली असती.

हे सगळं एका दमात होणार नाही. पहिलं काय करावं असं विचाराल तर कापल्या जाणाऱ्या मजकुराची सूचना आणि फिक्स्डचा नियम, या क्रमाने. तीन शैलींचा पर्याय त्यानंतर आला तरी चालेल. दुव्यांचा तक्ता सर्वांत शेवटी. चाचणीसाठी नमुना पानं लागली तर माझ्याच जुन्या कामांतून डझनभर काढून देतो. छपाईत कोसळणाऱ्या पानांची माझ्याकडे ददात नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पानं मांडणारा आणि अधूनमधून छापणारा एक वापरकर्ता

ता.क. या पत्राचा कच्चा खर्डा त्या चौदा कागदांच्या पाठीवर लिहिला. दुसऱ्या कागदाला तर दोन्ही बाजूंनी जागा होती.